दुसऱ्याच्या हातांसाठी

स्पेसवॉक साधारण साडेसहा तासांचा असतो. अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर येतात, दांड्या धरत सरकतात, एखादी जुनी पेटी काढून नवी बसवतात आणि परत आत जातात. टीव्हीवर एवढंच दिसतं. त्या साडेसहा तासांतली जवळजवळ प्रत्येक हालचाल कुणीतरी आधी कागदावर लिहिलेली असते. कुठला हुक कुठे अडकवायचा, कुठला बोल्ट आधी सैल करायचा, तो किती फेरे फिरवायचा, तेवढ्या वेळात डावा हात कुठे असेल, सगळं. ते लिहायचं, पाण्याखाली तपासायचं, अंतराळवीरांना शिकवायचं आणि प्रत्यक्ष दिवशी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात बसून त्यावर लक्ष ठेवायचं, हे काम मी बरीच वर्षं केलं. आता पुण्यात परत आले आहे. 2025च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर जाऊन आले, तेव्हापासून माझ्या भाचीच्या कॉलेजातली मुलं सारखी विचारतात की यात शिरायचं कसं. त्यांना तोंडी सांगितलं ते इथे नीट लिहून काढते.

आधी अवघड गोष्ट सांगून टाकते, कारण ती मला कुणी वेळेवर सांगितली नव्हती. अमेरिकेत हे काम करायचं तर बहुतेक ठिकाणी तिथलं नागरिकत्व किंवा निदान कायम वास्तव्याचा परवाना लागतो. अंतराळ तंत्रज्ञानावर तिथे निर्यात-निर्बंधांचे कडक कायदे आहेत. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला, गुण कितीही चांगले असले तरी, हे दार उघडत नाही. मी मेकॅनिकल पुण्यात केलं, एरोस्पेसमध्ये एमएस तिकडे केलं आणि मग कित्येक वर्षं ह्यूस्टनमध्येच समुद्राच्या तळाशी असलेल्या तेलविहिरींच्या व्हॉल्व्हवर काम केलं. तिथे खोल पाण्यात माणूस जाऊ शकत नाही, यंत्राच्या हाताने व्हॉल्व्ह फिरवावा लागतो. दुसऱ्याच्या हाताने बोल्ट फिरवायची ती माझी पहिली शाळा. नागरिकत्व मिळालं तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करावा लागला. त्या दिवशी आईला फोन केला, तर तिने एवढंच विचारलं, "मग आता गणपतीला यायला व्हिसा काढावा लागेल का गं?" लागणार नव्हता, त्याची दुसरी सोय असते, पण त्या प्रश्नाने मला जे व्हायचं ते झालं. मुलांनी हा हिशेब निघण्यापूर्वी घरच्यांबरोबर बसून करावा.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. रविवारी घरी सायकल नाहीतर पंप उघडला की मला शेजारी बसवायचे. त्यांचा एक नियम होता. बोल्ट कधीही पान्याने सुरू करायचा नाही. पहिले दोन-तीन आटे बोटांनीच लागले पाहिजेत. आटा तिरका चढायला लागला तर ते बोटाला आधी कळतं, पान्याला कळत नाही. ही एवढी गोष्ट माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीच्या मुळाशी आहे, कारण अंतराळवीराला नेमकं हेच करता येत नाही.

ते का, हे समजायला अंतराळवीराचा स्पेससूट समजावा लागतो, आणि म्हणून नोकरीची सुरुवात वर्गातच होते. सूट म्हणजे एका माणसापुरतं यान. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड शोषणारा डबा, पंखा, पंप, बॅटरी, रेडिओ. अंगाला लागून एक घट्ट कपडा असतो, त्यात सुमारे 90 मीटर लांबीच्या बारीक नळ्यांतून थंड पाणी फिरतं. ते पाणी थंड राहतं कारण पाठीवरच्या पेटीत थोडं पाणी निर्वातात गोठतं आणि त्या बर्फाची थेट वाफ होऊन उष्णता बाहेर जाते. ही सगळी जोडणी आम्हाला न बघता फळ्यावर काढायला लावायचे. मग विचारायचे, इथला पंखा बंद पडला, आता आधी काय जाईल, माणसाकडे किती वेळ आहे?

सगळ्यात महत्त्वाचा आकडा दाबाचा. स्थानकाच्या आत समुद्रसपाटीइतका हवेचा दाब असतो. सूटमध्ये मात्र 4.3 पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो त्याहून कमी. भागतं ते आत निव्वळ प्राणवायू असतो म्हणून. पण एकदम इतक्या कमी दाबात गेलं तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, पाणबुड्यांना होतो तोच त्रास. त्यामुळे दरवाजा उघडण्याआधी कित्येक तास निव्वळ प्राणवायूत श्वास घेत, टप्प्याटप्प्याने दाब कमी करत, सूटमध्ये हलका व्यायाम करत नायट्रोजन बाहेर काढायचा. मग दाब जास्तच का ठेवत नाहीत? हातांमुळे. दाब वाढवला तर हातमोजे इतके ताठ होतील की बोटं मिटणारच नाहीत. आत्ताच्या दाबातही मूठ वळणं म्हणजे हवा भरलेली सायकलची ट्यूब दर वेळी पिळण्यासारखं आहे, आणि ते साडेसहा तास. बोटांची अग्रं आतून घासतात. नखं काळी पडतात, काहींची निघून येतात. मी शिकवलेल्या कित्येकांच्या हातांकडे बघून आदल्या आठवड्यात ते पाण्यात होते हे ओळखता यायचं.

पाणी म्हणजे ह्यूस्टनमधला अंतराळवीरांच्या सरावाचा प्रसिद्ध तलाव. 62 मीटर लांब, 31 मीटर रुंद, 12 मीटर खोल, सुमारे 2 कोटी 35 लाख लिटर पाणी. तळाशी स्थानकाच्या भागांच्या हुबेहूब प्रतिकृती ठेवलेल्या, आणि तरी अख्खं स्थानक त्यात मावत नाही, कारण ते 109 मीटर आहे. मी पोहायला शिकले टिळक टँकवर, तिथल्या हिरव्या पाण्यात. इथलं पाणी इतकं नितळ की काठावरून खाली बघताना उंच गच्चीच्या कठड्याशी उभी राहिल्यावर पोटात होतं तसंच व्हायचं.

पाण्यात का शिकवायचं, याला इतिहास आहे. 1966च्या जूनमध्ये अमेरिकेच्या जेमिनी 9 मोहिमेत जीन सर्नन यानाबाहेर गेले, तर धरायला पुरेशा जागाच नाहीत. पाय रोवता येईनात, नुसतं एका जागी राहायला इतकी ताकद लागली की घामाने समोरची काच धूसर झाली. ते दमून कसेबसे आत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी 12वर बझ ऑल्ड्रिन गेले. त्यांनी आधी बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात सराव केला होता, यानाला दांड्या आणि पाय अडकवायच्या जागा बसवल्या होत्या, आणि दिलेली कामं न दमता पार पाडली. तेव्हापासून पाणी आलं ते आजतागायत. स्पेसवॉकच्या एका तासामागे साधारण सहा-सात तास पाण्यात जातात.

शिकवणाऱ्यांनाही पाण्यात उतरावं लागतं. आधी स्कूबाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी, मग पाणबुड्यांबरोबर बाजूला तरंगत नुसतं बघायचं. मला या बघण्याचा फार उपयोग झाला. वरच्या कक्षात पडद्यावर दिसतं की अंतराळवीराचा हात बोल्टपाशी पोचला. खाली जवळून दिसतं की पोचण्यासाठी त्याला मनगट किती वाकवावं लागलं आणि दुसऱ्या हाताची दांडीवरची पकड किती घट्ट आहे. ती पकड बघायला शिका, असं मी पुढे प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. माणूस दमला की आधी न काम करणारा हात आवळायला लागतो.

मग एकदा मला सूटमध्ये उतरवलं. शिकवणाऱ्याने निदान एकदा आतून अनुभवावं, अशी तिथली पद्धत. मी पाच फूट दोन इंच. सूटचा छातीचा भाग टणक फायबरग्लासचा, आणि वापरातला सगळ्यात लहान आकार मीडियम. (2019च्या मार्चमध्ये दोन स्त्रियांचा पहिला एकत्र स्पेसवॉक पुढे ढकलावा लागला तो याच आकारामुळे. मीडियमचा एकच सूट वेळेत तयार होता. शेवटी ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर गेल्या.) मला आतून ठिकठिकाणी पॅड कोंबले, तरी माझी कोपरं सूटच्या कोपरांशी जुळत नव्हती. क्रेनने उचलून पाण्यात सोडलं. चार पाणबुडे भोवती, ते सूटवर वजनं आणि फोमचे तुकडे लावून मला तोलत होते, वरही जाणार नाही आणि खालीही जाणार नाही असं. हे झाल्यावर मला वाटलं होतं की आता तरंगतेय. सूट तरंगत होता. आतली मी नाही. गुरुत्वाकर्षण पाण्यातही तितकंच असतं, त्यामुळे मला उलटं केल्याबरोबर माझं सगळं वजन खांद्यांवर आलं आणि डोक्यात रक्त उतरलं. कागदावर एका ओळीत "उलटे होऊन खालच्या बाजूचा कनेक्टर काढा" असं लिहायला काहीच लागत नाही. त्या दिवसानंतर ती ओळ लिहिताना मी दर वेळी विचार केला की हे सरळ राहून करता येईल का.

पाण्याची दुसरीही एक खोड आहे. पाणी गती मारतं. जड पेटी ढकलली आणि हात सोडला की ती थांबते. वर ती थांबत नाही, तुम्ही थांबवेपर्यंत चालत राहते. पाण्यात भरपूर सराव केलेल्या माणसाला ही सवय नकळत लागते, म्हणून अवजड वस्तू हाताळणं वेगळं शिकवतात, डोळ्यांवर आभासी दृश्याचा चष्मा लावून आणि दोऱ्यांवर तोललेल्या एका यंत्राच्या मदतीने, जे त्या वस्तूचं जडत्व हाताला जाणवून देतं.

आता परत बोल्टकडे. हातमोज्यातून आटा जाणवत नाही. मग तिरका लागला हे कळायचं कसं? आकड्यांनी. अंतराळवीरांकडे बॅटरीवर चालणारं, पिस्तुलासारखं धरायचं एक हत्यार असतं. त्याच्यावर किती टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागला आणि किती फेरे झाले, दोन्ही दिसतं. आम्ही कागदावर प्रत्येक बोल्टला दोन्ही आकडे लिहितो. फेरे पूर्ण होण्याआधी टॉर्क चढला तर काहीतरी अडकलंय. फेरे संपले तरी टॉर्क चढला नाही तर पकडलंच नाही. बाबांच्या बोटांना जे एका क्षणात कळायचं ते आम्ही दोन आकड्यांत बसवलेलं असतं, आणि अंतराळवीर ते आकडे मोठ्याने वाचतो ते खाली कुणीतरी पडताळून बघावं म्हणून.

याचं मला आवडणारं उदाहरण माझ्या आधीच्या काळातलं आहे, पण आम्हाला ते वर्गात तासन् तास शिकवलं. 30 ऑगस्ट 2012. सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे वीज वाटणारी एक मोठी पेटी बदलायला बाहेर गेले. जुनी निघाली, नवी जागेवर गेली, पण बोल्ट पूर्ण बसेना. फेरे कमी आणि टॉर्क जास्त. आठ तासांहून जास्त वेळ बाहेर झाला. शेवटी पेटी तात्पुरती बांधून ठेवली आणि दोघं आत आले. बोल्टच्या भोकात धातूचा कीस अडकला होता. पुढच्या काही दिवसांत ह्यूस्टनच्या लोकांनी स्थानकात हाताशी असलेल्या वस्तूंमधूनच हत्यारं बनवायची युक्ती काढली. तारेचा ब्रश तयार केला, एका टूथब्रशचं वंगण लावायचं हत्यार केलं. 5 सप्टेंबरला तेच दोघं परत बाहेर गेले, आटे साफ केले, वंगण लावलं, आणि बोल्ट बसला.

बाबांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आटे साफ केल्याशिवाय बोल्ट घालायचाच नाही. पण त्यांना कीस दिसला कसा?" अगदी नेमका प्रश्न. आधी दिसला नव्हता, आकड्यांनी सांगितला.

नियंत्रण कक्षात बसायचं तर आधी खोट्या स्पेसवॉकच्या परीक्षा द्याव्या लागतात. शिकवणारी मंडळी दुसऱ्या खोलीत बसून मुद्दाम बिघाड घालतात. कधी पंखा, कधी रेडिओ, आणि दोन बिघाड एकत्र घातले की दुसरा पहिल्यामागे लपतो. तुम्ही मागच्या खोलीत असता, पुढच्या खोलीतल्या अधिकाऱ्याला एका वाक्यात सांगायचं असतं. काय झालं, त्याने काय होणार, काय करावं. मराठी माणसाला हे जड जातं असं माझं मत आहे. आपण आधी पार्श्वभूमी सांगतो. मला पार्श्वभूमी गिळायला शिकायला फार वेळ लागला.

त्या परीक्षांचं गांभीर्य कशात आहे ते 2013च्या जुलैमुळे सगळ्यांना कळलं. इटलीचे लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटमध्ये 9 जुलैच्या स्पेसवॉकनंतर पाणी सापडलं. प्यायच्या पाण्याच्या पिशवीतून गळलं असेल, असं मानलं गेलं. आठवड्याने, 16 जुलैला, ते परत बाहेर असताना हेल्मेटमध्ये पाणी साठू लागलं. तिथे सगळंच वजनहीन असल्यामुळे ते खाली न जाता चेहऱ्याला चिकटलं, डोळे आणि नाक झाकलं. सूर्य मावळला होता. आपल्या दोराच्या आधाराने चाचपत ते हवाबंद दालनापर्यंत परत पोचले. नंतर हेल्मेटमधून सुमारे दीड लिटर पाणी निघालं. पंखा, पंप आणि पाणी वेगळं करणारा भाग एकत्र असतो, तिथे घाण अडकून थंड करायचं पाणी हवेच्या वाटेत शिरलं होतं. त्यानंतर हेल्मेटच्या मागच्या बाजूला पाणी शोषणारा पॅड आला आणि तोंडाशी धरून श्वास घेता येईल अशी नळी आली. मी कन्सोलवर बसू लागले तोवर हे दोन्ही नेहमीचं झालं होतं. तरी माणूस दरवाजाबाहेर पडल्यावर मधूनमधून "पॅड कोरडा आहे का" हा प्रश्न विचारला जायचा आणि "कोरडा" हे उत्तर येईपर्यंत खोलीत कुणी दुसरं काही बोलायचं नाही. पिशवीतून गळलं असेल, हे सोपं उत्तर कुणी का तपासलं नाही, यावर आम्ही जितका वेळ घालवला तितका इतर कशावरही नाही, आणि तो योग्यच होता असं मला आजही वाटतं.

भारताने 2035पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं ठरवलं आहे. स्थानक आलं की त्याची बाहेरून दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती आली की असे कागद लिहिणारी, पाण्यात तपासणारी, शिकवणारी माणसं लागणार. त्यांना कुठल्या परक्या देशाचं नागरिकत्व लागणार नाही. म्हणून मी भाचीच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जायला लागले. राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला दोघंही खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडले, हे या मुलांना पाठ आहे. पण वर जाणाऱ्याच्या मागे खाली किती हात असतात ते त्यांना करून बघायला हवं होतं.

पहिल्या दिवशी एकच काम दिलं. सायकलचं मागचं चाक काढून परत बसवायचं. अर्ध्यांनी कागद लिहायचा, अर्ध्यांनी वेल्डिंगचे जाड हातमोजे घालून फक्त कागदावर आहे तेवढंच करायचं. लिहिणाऱ्यांनी पाठ करून उभं राहायचं, बोलायचं नाही. बाबाही बरोबर आले होते, कोपऱ्यात स्टूलवर बसून बघत होते.

पहिला कागद "नट सैल करा" असा सुरू झाला. कुठला, डावा की उजवा? किती सैल? मोजेवाल्या मुलाने पूर्ण काढला, वॉशर निसटून बाकाखाली गेला. मी सांगितलं, वर असतास तर तो वॉशर आता तुझा राहिला नसता, आणि तो पुढे कुणाला लागेल हे सांगता आलं नसतं. 2008मध्ये एका अंतराळवीराची हत्यारांची अख्खी पिशवी अशी सुटून गेली होती. म्हणून तिथे प्रत्येक वस्तू कशाला तरी बांधलेली असते, आणि स्वतःला बांधलेला दोर बदलताना नवा हुक लागून, ओढून तपासल्याशिवाय जुना सोडत नाहीत.

लिहिणाऱ्या मुलीला पटेना. ती म्हणाली, "मॅडम, वॉशर सांभाळून ठेवा हे काय लिहायचं? ते कळतंच ना."

बाबा स्टूलवरून म्हणाले, "बाळा, कळतं म्हणून कुणी लिहीत नाही, आणि मग सेकंड शिफ्टवाला घोळ करतो."

दुसरा कागद पानभर झाला. त्यात चेन कुठल्या दातावरून आधी सोडायची, नट कुठल्या डबीत, डबी फ्रेमला कशी बांधलेली, बसवताना नट हातमोज्याने किती फेरे फिरला म्हणजे आटा सरळ लागला समजायचं, सगळं होतं. फेऱ्यांचा आकडा त्या मुलीने मोजे काढून आधी स्वतः मोजला होता. मी काही न सांगता.

आता त्यांना हेच पाण्याखाली करायचं आहे. त्यासाठी दोघांनी तरी आधी स्कूबाचा कोर्स करावा, आणि एकाने काठावर बसून फक्त वेळ आणि माणसं मोजावीत, याशिवाय मी परवानगी देणार नाही असं सांगितलं आहे. एका पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकांशी बोलणं चालू आहे, त्यांचा मुख्य प्रश्न पाणी खराब होण्याचा आहे. तेल-ग्रीस काढलेली जुनी फ्रेम लागेल. ती भोसरीच्या भंगारवाल्याकडून बाबा बघून ठेवणार आहेत, आणि तिचे आटेही आधी साफ करून देतो म्हणाले.